दुसऱ्यांचा नरक ऐकताना

बाहेर ऊन असं आहे की नरकावर बोलायला वेगळं वातावरण तयार करावं लागत नाही. दुसऱ्या धर्माचा माणूस नरकाची भीती घालू लागला तर ऐकणाऱ्याने ते कसं घ्यावं, हा आजचा विषय. तेव्हा थेटच सुरू करतो.

८ जुलै १७४१. आज अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात असलेलं एन्फिल्ड नावाचं गाव. जोनाथन एडवर्ड्स हे पाद्री प्रवचनाला उभे राहिले. एखादा कोळी आगीवर धरावा तसं देवाने तुम्हाला नरकाच्या खाईवर धरलं आहे, अजून सोडलं नाही ती केवळ त्याची मर्जी, असा त्यांचा मुद्दा. लोकांनी आक्रोश मांडला. आता समोर कोण होतं ते पाहा. त्याच भागातले, नेमाने चर्चला येणारे ख्रिस्ती लोक. तुमच्या-माझ्यासारखा परधर्मी तिथे कोणी नव्हता.

आगपाखड करणारं प्रवचन कानावर पडलं की आपल्याला वाटतं, हे आपल्यालाच चाललंय. पुष्कळदा ते शेजारच्या घरातलं भांडण असतं आणि आपण भिंतीपलीकडून ऐकत असतो.

पुष्कळदा म्हणालो, नेहमी नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आपल्या बाजारात उभे राहून बोलत, ते आपल्यालाच उद्देशून. देवळात जाता, मूर्ती पुजता, तुमची गत काय होणार, असा सूर. त्यावर आपले लोक गप्प बसले असं मात्र नाही. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि लोक गर्दी करून ऐकत होते. दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटत असणार. जाहीर वादात दुसरं काय होतं?

मला जास्त रस आहे तो धर्म बदलणाऱ्यांमध्ये. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यांना ओढ लागली ती कशाची? समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स माणसासारखं वागवत होत्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नारायण वामन टिळकांच्या हाती रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने बायबलमधला नवा करार दिला, आणि त्यांना धरून ठेवलं ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. ज्याला आपला नरक आधीपासून पाठ आहे, त्याला दुसऱ्याच्या नरकाने हलवणं अवघड असतं.

आणि आपला नरक काही कमी आहे का? भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरक सांगितले आहेत. जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्याला कुंभीपाकात तापलेल्या तेलात घालतात. रौरव आहे, असिपत्रवन आहे. गरुडपुराण ऐकलेल्या माणसाने एडवर्ड्सना हसावं, हे मला जरा विनोदी वाटतं. फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे नरकाला मुदत असते. भोगून झालं की पुढचा जन्म. तिकडच्या रूढ शिकवणीत सुटका नाही. मी अडखळतो ते तिथे. ऐंशी वर्षांच्या चुकांना अंत नसलेली शिक्षा, हा हिशेब मला जमत नाही. पण तो हिशेब पुष्कळ ख्रिस्ती विचारवंतांनाही जमलेला नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडितापासून हा वाद त्यांच्यात चालू आहे.

आमचे तुकोबा तर भीतीचा सौदाच मोडून टाकतात. मुक्ती नको, धनसंपदा नको, संतांचा संग दे, मग ‘गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी’. ज्याला पुन्हा जन्माला येण्याचीही हरकत नाही, त्याला धमकी कशाची देणार?

माझे एक ख्रिस्ती मित्र आहेत, इथे पुण्यात कॅम्पात राहतात. येशूला न मानणाऱ्याचा मृत्यूनंतर निकाल काय, याबद्दल त्यांना शंका नाही. म्हणजे माझ्याबद्दलही नाही. दर नाताळला माझ्या घरी केक येतो, दिवाळीला फराळ जातो. एकदा मी विचारलं, ‘अहो, जळणाऱ्या माणसाला केक कशाला?’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो.’ त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण त्या माणसाच्या डोळ्यांत काळजी होती. काळजीवर रागवायचं कसं?

रागवावं कुठे, तेही सांगतो. ऐकणाऱ्याला उठून जाता येतं का, एवढंच मी बघतो. सभागृहात, मैदानावर बोला, हवं तितकं तापवून बोला. मला दार माहीत आहे. दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसाच्या उशाशी ते बोलू नये. शाळेतल्या पोराला, ‘तुझी आई नरकात जाईल,’ असं सांगू नये. मग सांगणारा पाद्री असो, मौलवी असो, नाहीतर आपल्यातला कोणी महाराज.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: ‘मग घरात कोणी गेल्यावर गरुडपुराण लावायचं की नाही?’ पुण्यात चिठ्ठी अशीच येते. लावा. ज्याला ऐकून धीर येतो त्याने ऐकावं. आमच्याकडे वडील गेले तेव्हा गुरुजींनी वैतरणीचं वर्णन सुरू केलं आणि माझी नऊ वर्षांची पुतणी विचारू लागली, ‘आजोबांना पण?’ मी गुरुजींना थांबवलं नाही. तिला घेऊन खाली गेलो, उसाचा रस पाजला आणि वाचन संपेपर्यंत वर आणलं नाही.