पंप आतल्या खिशात

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळी सुट्टीची तिकिटं निघाली की दवाखान्यात हमखास विचारणा होते, "डॉक्टर, मला दमा आहे. लेहला जाऊ का?" सोबतच्या नातेवाइकाकडे उत्तर तयार असतं, "कापराची पोटली घे, काही होत नाही." मंडळी, कापूर हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढंच. उलट उग्र वासाने काही दमेकऱ्यांची छाती आवळून येते.

दमा आटोक्यात असेल तर बहुतेकांना जायला हरकत नाही. डोंगरावरची हवा कोरडी असते, गादी-उशीतले दमा चाळवणारे धुळीचे सूक्ष्म किडे तिथे फारसे तगत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला दम्याचे रुग्ण याच कारणाने उपचारासाठी जात आले आहेत. पण दावोस साधारण 1,560 मीटरवर, आणि लेह 3,500 मीटरवर. तिथे हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे जिना चढताना सगळ्यांनाच धाप लागते, दमा असो वा नसो.

खरी गोची इथेच आहे. धाप कशाची, हे ओळखायचं कसं? श्वास सोडताना शिट्टी वाजत असेल, छाती आवळली असेल आणि तात्पुरता आराम देणारा पंप, म्हणजे इनहेलर, घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत उतार पडला, तर तो बहुधा दमा. चढताना लागलेली धाप बसल्यावर शांत झाली, तर ती उंचीची. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं हा विरळ हवेचा त्रास. तो असेपर्यंत आणखी वर जायचं नाही. मात्र बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसतायत आणि पंपाने फरक नाही, तर फुफ्फुसात पाणी साचत असू शकतं. तेव्हा गाडी खाली वळवायची, प्राणवायू लावायचा, रुग्णालय गाठायचं. "सकाळी बघू" अजिबात नको.

विमानाने थेट लेहला उतरलात, तर पहिले दोन दिवस खोलीतच काढा. गाडीने जाणार असाल तर श्रीनगर-कारगिलचा रस्ता बरा, चढ हळूहळू येतो. मनालीच्या रस्त्यावर सरचूला 4,300 मीटरच्या आसपास मुक्काम पडतो, तो टाळलेला चांगला. लेहजवळच्या खारदुंगला या उंच खिंडीत फोटो काढा आणि लगेच उतरा, ड्रायव्हरही तेच सांगतो.

आता पंपाविषयी. गारठ्यात डबी थंड पडली की फवारा नीट येत नाही, म्हणून ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. डिकीतल्या बॅगेत नको. रोजचा प्रतिबंधक पंप "बरं वाटतंय" म्हणून बंद करायचा नाही. थंड वारा असेल तेव्हा नाकातोंडावर मफलर घ्या. मुक्कामी बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, धुरकट असेल तर खोली बदलून मागा, संकोच कसला! उंचीसाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी घेणार असाल, तर सल्फाची ॲलर्जी आहे का ते डॉक्टरांना आधी सांगा. ती दम्याची गोळी नव्हे.

रात्री खोकल्याने जाग येतेय, आराम देणारा पंप रोज लागतोय किंवा नुकतेच दम्याने ॲडमिट होता, अशांनी यंदा महाबळेश्वर करावं. तिथल्या 1,350 मीटरला विरळ हवेची धास्ती नाही, फक्त वेण्णा तलावावरच्या कणसांच्या धुरापासून चार पावलं लांब उभं राहावं.