सिलिकॉनचा ठिपका आणि एकतारी पाक

नमस्कार. सूक्ष्मदर्शकाखाली ही काचपट्टी पाहा. तिच्यावर सिलिकॉन रबराचे ठिपके ओळीने बसले आहेत, पण तिसऱ्या ठिपक्याला बारीक शेपटी आहे. आज आपण या शेपटीविषयीच बोलणार आहोत.

ठरावीक स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवले. हे ठिपके टाकणारे आपले यंत्र नेमके उलटे काम करते: विजेचा झटका दिला की पिझो घटक, म्हणजे अशाच गुणाचा तुकडा, किंचित लांबतो आणि त्या धक्क्याने नोझलमधून थेंब उडतो. एक नॅनोलिटरचा थेंब हवेत साधारण 124 मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा असतो.

शाई अशी सहज उडते. न जमलेले सिलिकॉन मात्र पाण्याच्या काही हजारपट दाट असू शकते, आणि एकतारी पाक बोटांत धरून ताणावा तशी त्याची तार निघते. ती उशिरा तुटली की शेपटी राहते. द्रावक घालून ते पातळ केले तर थेंब सुटतो, पण काचेवर पसरतो आणि द्रावक उडाल्यावर चपटा उरतो. मला हा उपाय फारसा पटत नाही. त्यापेक्षा पिझोने हलणारी दांडी नोझलच्या तोंडाशी आपटून थेंब फेकणारा व्हॉल्व्ह बरा, कारण तिथे तार झटक्यात तुटते.

कोणते सिलिकॉन घ्यावे, हे मात्र आमच्या रत्नागिरीत हवाच ठरवते. व्हिनेगरसारखा वास येणारे एकघटकी सिलिकॉन हवेतली आर्द्रता घेऊन जमते. जुलैत मी ते यंत्रात भरून जेवायला गेलो आणि परत येऊन पाहतो तो नोझलच्या तोंडाशी साय धरलेली! तेव्हापासून मी प्लॅटिनम उत्प्रेरकाचे द्विघटकी सिलिकॉन वापरतो. त्याला गंधक चालत नाही. दोडामार्गच्या रबरबागांचे मला कौतुक आहे, परंतु गंधकाने पक्क्या केलेल्या रबराचे हातमोजे या टेबलावर आणू नका. त्यांचा स्पर्श झालेल्या जागी ठिपका चिकटच राहतो. येथे नायट्राइलचे मोजे वापरावेत.

मिश्रणातले बुडबुडे निर्वातात आधी काढून घ्या, कारण बुडबुडा दाबला जातो, धक्का गिळतो आणि थेंब बाहेर येतच नाही.

आता ही पट्टी 100 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वी मी काही मिनिटे थांबतो आहे. पुन्हा पाहा: पृष्ठताणाने तिसऱ्या ठिपक्याची शेपटी आत ओढली जात आहे.