कोकणचा दिनविशेष

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे दिवस दोन हिशेबांनी चालतात. चाकरमान्याची रजा तारखेनं, गावचा पालखी-सोहळा तिथीनं. मासेमारीवरची सरकारी बंदी ३१ जुलैला संपते, पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, असं मानणारे नाखवा अजून आहेत. रायगडावर तर राज्याभिषेक वर्षातून दोनदा साजरा होतो: ६ जूनला एकदा आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पुन्हा. खरा दिवस कोणता, यावर भांडणारे भांडोत. पाचाडकडून पायऱ्या चढणाऱ्याला दोन्ही दिवशी घाम सारखाच येतो.

कधीकधी तारीख खरी असते आणि तिच्याभोवतीची गोष्ट मात्र जरा सैल. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरनं तिथं दुर्बीण लावून हेलियम शोधला, असं सांगतात. त्या दिवशी तिथं हेलियम दिनही साजरा होतो. पण लॉकियर तेव्हा विलायतेत होता. ग्रहण पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आला होता, तो आंध्रात गुंटूरला. लॉकियरनं २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट इंग्लंडमधून तपासला. त्यातल्या पिवळ्या रेघेवरून पुढे हेलियम ओळखला गेला. तरी हा दिवस बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या निमित्तानं चार पोरं दुर्बिणीला डोळा लावत असतील, तर लावू देत. फक्त गोष्ट नीट सांगा.

१९२७ साल मात्र कोकणानं पक्कं लक्षात ठेवलंय. २० मार्चला महाडचं चवदार तळं, २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृतीचं दहन. दर मार्चात महाडकडे लोटणारी गर्दी पाहिली की वेगळं काही सांगावं लागत नाही. पण त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'जयंती' आणि 'तुकाराम' या आपल्या किनाऱ्यावरच्या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. हे किती जणांना ठाऊक आहे? रस्ते नव्हते, रेल्वे तर नव्हतीच. ती पूर्ण धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला. मुंबईची वाट म्हणजे बोट. त्या काळच्या कोकणी माणसाचं नशीबच तिच्या फळीवर होतं.

आणि मग 'रामदास'. १७ जुलै १९४७, गुरुवार. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट रेवसला निघाली. आषाढी अमावास्या होती, गटारी. सणाला घर गाठायचं म्हणून बोटीत खच्चून माणसं. बाहेर पावसाळी दर्या. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेनं बोट कलली, माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला धावली आणि त्या भारानं ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी मासळी दर्यात टाकली आणि हाताला लागतील तेवढे जीव होड्यांत ओढले. मुंबईला मात्र दिवसभर पत्ता नव्हता. संध्याकाळी एक लहान मुलगा तरंगत तरंगत गेटवेच्या बाजूला लागला, तेव्हा त्याच्या तोंडून बातमी कळली, असं सांगतात.

एवढा मोठा अपघात मागे कसा पडला? माझ्या मते त्याचं एक कारण तारखेतच आहे. महिन्याच्या आत १५ ऑगस्ट आला आणि वर्तमानपत्रांची पानं त्यानं भरली. दुसरं कारण, ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांचं श्राद्ध तिथीनं. अमावास्येची तारीख दरवर्षी सरकते, कधी जुलैत, कधी ऑगस्टात. घर आपल्या दिवशी पान वाढतं, कॅलेंडर आपल्या दिवशी एक ओळ छापतं, छापलीच तर.

म्हणून रेवस, मांडवा, अलिबाग, पेणच्या श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या घरात 'रामदास'वरच्या कुणाचं नाव अजून निघत असेल, तर ते वहीत लिहून ठेवा. नाव, गाव, त्या दिवशी मुंबईत कशासाठी होते आणि कोण त्यांची वाट बघत होतं, एवढं पुरे. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत, तेव्हा गटारीची वाट बघू नका. नमस्कार.