शर्टाचं बटण आणि मानेचा मणका

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मानेबद्दल, पण मानदुखीबद्दल नाही हं. मणक्यातून जी मुख्य दोरी खाली जाते, मज्जारज्जू, ती वयाप्रमाणे गादी सरकून, हाड वाढून, आतला पडदा जाड होऊन दबत जाते, आणि मग हाताची बारीक कामं आणि चाल बिघडते, त्याबद्दल. आणि यात मान दुखेलच असं नाही, कित्येकांची अजिबात दुखत नाही.

माझ्याकडे एक टेलरकाका आले होते, बायको आणि मुलगा सोबत. म्हणाले, डॉक्टर, बटण लागेना हो. काकू म्हणाल्या, अहो सुईत दोरा पण हल्ली मीच ओवून देते. दीड वर्ष मुंग्यांसाठी शुगरच्या गोळ्या बदलून झाल्या, मनगटाची नस दबलीय म्हणून पट्टा लावून झाला, आणि माणूस चालताना म्हणतो पायाखाली कापूस आहे. मी बघितलं तर त्यांचाच शर्ट, त्यांनीच शिवलेला, आणि बटणं एक घर खाली लावलेली. (शिवून घेतलेल्या शर्टाची कॉलर रेडीमेडला येत नाही हे माझं ठाम मत आहे, असो.) म्हटलं काका, मूठ भराभर उघडा-मिटा, दहा सेकंद. वीस तरी व्हायला पाहिजेत, त्यांच्या झाल्या अकरा, बोटं मागून रांगत आल्यासारखी.

एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यात दोरी चेपलेली आणि टी-टू फिल्मवर (एमआरआयमध्ये एकाच जागेचे वेगवेगळ्या प्रकारचे फोटो निघतात, त्यातला हा एक) तिथेच पांढरा डाग. मुलाने मोबाईलवर वाचलेलं, डाग म्हणजे संपलं. त्याला शेजारी बसवून दाखवलं, तीच जागा टी-वन या दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर काळी दिसली असती तर मला जास्त काळजी वाटली असती, ती काळी नव्हती. पुढून, गळ्याच्या बाजूने ऑपरेशन झालं, गादी काढली, तिच्या जागी आधाराला छोटा पिंजरा बसवला. सहा महिन्यांनी काका आले, मुठी सतरा, मशीन सुरू, काजं हाताने करतात. सुईत दोरा मात्र अजून काकूच ओवतात.

तर परत सांगतो, नुसत्या पांढऱ्या डागावर निकाल लागत नाही. हात, चाल, फिल्म सगळं मिळून बघायचं. जपानी डॉक्टरांनी याची मोजपट्टी केली त्यात चॉपस्टिकने जेवता येतं का असा प्रश्न होता, पुढे बदललेल्या अठरा मार्कांच्या पट्टीत चमचा आणि शर्टाचं बटण आलं. पंधरा-सोळा-सतरा मार्क असतील तर कधी कधी लक्ष ठेवून थांबता येतं, चौदा किंवा खाली असतील तर ऑपरेशन करावं असंच सांगतो. आणि ऑपरेशनचं पहिलं काम आजार तिथेच थांबवणं, गेलेलं किती परत येईल ते किती उशीर केला त्यावर बरंच आहे. परत सांगतो, उशीर करू नका.

आणि हो, सलूनमध्ये मालिशनंतर मान कडाकडा मोडून घेता ना, ते बंद करा, मी कळकळीने सांगतोय.

वेळ झाली, पुढच्या आठवड्यात कंबरेबद्दल बोलू. नमस्कार.