पणसायमळच्या रेषा मोजताना

(दृश्य : कुशावतीचा काठ, जांभ्याचा काळपट सडा)

गोव्याच्या सांगे तालुक्यातलं रिवण. तिथून आत, कुशावतीच्या काठी, हा पणसायमळचा सडा. १९९३ साली पुरातत्त्व अभ्यासकांची पावलं इकडे वळली. गावकऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता. दगडात कोरलेले बैल, हरणं, आणि हा चक्रव्यूह. सूर्य डोक्यावर आला की उथळ रेषा दगडात विरून जातात.

त्यांची खोली कॅमेऱ्याने मोजायची तर?

(दृश्य : तिपाईवर डेप्थ कॅमेरा)

हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो आणि तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. प्रकाश १ नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे १ सेंटिमीटरची खाच, जाऊन-येऊन २ सेंटिमीटर, ओळखायला नॅनोसेकंदाचा पंधरावा भाग पकडायला हवा! साहजिकच आकडे सतत थरथरतात. उन्हातही अवरक्त असतं, म्हणून काम दिवस मावळल्यावर. शेवाळाने काळा पडलेला जांभा प्रकाश गिळतो आणि अंतर चुकतं. खाचेत पाणी साचलं असेल, तर चित्रात तिथे नुसतं भोक.

त्यात चित्रही जाडंभरडं. २०१३च्या किनेक्टचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खेळांसाठीच्या अशाच कॅमेऱ्याचं, रंगीत चित्र १९२०×१०८० बिंदूंचं, खोलीचं मात्र ५१२×४२४. जेमतेम दहावा हिस्सा.

यावर एक सोपा उपाय आहे. रंगीत चित्रातल्या कडा बघून खोलीचं चित्र मोठं करायचं. २००७ साली मांडलेली एक पद्धत हेच करते. घरातल्या खुर्ची-टेबलावर ती छान चालते, कारण रंग बदलतो तिथे बहुधा वस्तूही बदलते. इथे मात्र ती घात करते. शेवाळाचा डाग सपाट दगडावरही असतोच. संगणक त्यालाच कड समजतो, आणि जिथे कुणी कधी हत्यार लावलं नाही तिथे रेघ उमटते. ठळक, सुबक आणि खोटी.

(दृश्य : चक्रव्यूहावरून हळूहळू सरकणारा कॅमेरा)

त्यापेक्षा सावकाशीचं काम बरं. कॅमेरा किंचित सरकवत एकाच जागेच्या बऱ्याच चौकटी (फ्रेम) घ्यायच्या आणि एकमेकींवर नीट बसवायच्या. १६ चौकटींची सरासरी काढली की थरथर साधारण चौथ्या हिश्श्यावर येते, आणि सरकवल्यामुळे दोन बिंदूंमधल्या जागेचंही खरं माप मिळतं. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, तिथल्या तिथे, हे जमतं हे आधीच्या किनेक्टवर चालणाऱ्या किनेक्टफ्यूजन या प्रणालीने २०११ मध्ये दाखवलं.

काळ्या दगडाने केलेली चूक मात्र सरासरीने जात नाही. प्रत्येक चौकटीत ती तीच असते. तिथे जुनी पट्टीच कामाला येते : दोन-चार खाचा हलक्या हाताने मोजायच्या आणि आकडे ताडून बघायचे.

आणि पाण्याची ती भोकं? ती अंदाजाने बुजवायची नाहीत. पाऊस सरून खाचा कोरड्या पडल्या की तेवढाच भाग पुन्हा टिपायचा.