सोळावी भाजी

फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदावर पंधरा भाज्यांची नावे लिहिलेली आहेत आणि सोळाव्या आकड्यापुढची जागा रिकामी आहे. आज ३० ऑगस्ट २०२५, शनिवार. गाव अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले एडिसन. या घरी परवा, सोमवारी, महालक्ष्म्यांचे जेवण आहे. पुण्या-साताऱ्याकडे ज्यांना ज्येष्ठागौरी म्हणतात त्यांना विदर्भात आणि मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. हे घर मूळचे अमरावतीचे असल्यामुळे येथेही तोच शब्द चालतो. जेवायला चाळीस माणसे येणार आहेत, आणि ज्यांच्यावर या चाळीस पानांचा भार आहे त्या सूनबाई काल संध्याकाळी सहा वाजेपर्यंत कार्यालयातल्या बैठकीत होत्या.

सोमवार हा दिवस सहज ठरलेला नाही. महालक्ष्म्यांचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर करायचे असते. परंतु उन्हाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असल्याने, अमरावतीत जे नक्षत्र दिवस कलल्यावर लागते ते येथे त्याच दिवशी सकाळीच लागते, आणि कधी कधी त्यामुळे तारीखच मागे सरकते. स्थानिक पंचांग पाळायचे की घरचे, हा प्रश्न परदेशातील मराठी घरांमध्ये दरवर्षी निघतो आणि दरवर्षी त्याची निरनिराळी उत्तरे मिळतात. या घराने अमरावतीच्या घरातील भिंतीवरचे कालनिर्णय प्रमाण मानले आहे. तेथे ज्या तारखेला देवी जेवतात त्याच तारखेला येथेही जेवतील, असा सरळ नियम आहे. यंदा ती तारीख १ सप्टेंबर निघाली, आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे अमेरिकेतील कामगार दिनाची सुट्टी. असा योग क्वचितच येतो. एरवी पूजा एका दिवशी आणि पंगत पुढच्या शनिवारी अशी तडजोड करावी लागते.

सोळा या संख्येला मात्र या घरात तडजोड नाही. भाज्या सोळा, पुरणाचे दिवे सोळा, हळदीत भिजवलेल्या सुताचे पदर सोळा आणि त्याच्या गाठीही सोळा. भाज्यांची यादी सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली आहे. तिच्यातील काही नावे या भूमीवर वेगळ्या वेषात भेटतात. लाल भोपळ्याच्या जागी बटरनट स्क्वॉश आला आहे. विदर्भाची अंबाडी तेलुगू ग्राहकांसाठी गोंगुरा या नावाने ठेवलेली असते. या भागात तेलुगू वस्ती मोठी असल्यामुळे ती हमखास मिळते. शेपू तर कोणत्याही अमेरिकन दुकानात मिळतो, कारण येथील लोक तो माशांवर आणि काकडीच्या लोणच्यात घालतात. आंबिलीसाठी लागणारे ज्वारीचे पीठ गव्हाचे वावडे असणाऱ्यांच्या खणात सापडते, मात्र ते इतके मऊ दळलेले असते की आंबिलीला कणीदारपणा येत नाही. म्हणून सूनबाई अख्खी ज्वारी आणून घरीच भरडतात. दुकानात सुंदर जांभळी वांगी दिसतात, पण चातुर्मासात वांगे वर्ज्य असल्याने त्यांचा विचार होत नाही.

सोळावी भाजी दुधीची आहे. एरवी दुधी येथे बारमाही मिळतो. पण आज सकाळी एडिसन आणि इझेलिन या दोन वस्त्यांमधून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर, जिथे भारतीय दुकाने ओळीने उभी आहेत, सणाच्या गर्दीने टोपल्या रिकाम्या केल्या होत्या. उरलेले दोन दुधी नख न रुतण्याइतके जून होते. बटाटा घालून संख्या भरता आली असती, आणि खरे सांगायचे तर जेवणाऱ्यांपैकी कोणी भाज्या मोजणारही नाही. सूनबाई मात्र मोजणार आहेत.

अशी तक्रार करता येणे हीसुद्धा एक सोय आहे, हे विसरता कामा नये. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यानंतर जे मराठी डॉक्टर, अभियंते आणि त्यांची कुटुंबे येथे आली, त्यांच्या पहिल्या वर्षांत ओक ट्री रोडचे आजचे रूप नव्हते. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान निघाले ते १९७४ साली. त्या पिढीतील बायकांनी सावर क्रीम फडक्यात टांगून श्रीखंड केले आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात गोडा मसाल्याची पुडी शोधली. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, तोवर अनेक गावांतील मंडळे शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन गणपती बसवू लागली होती. आज जिन्नस मिळतात. कढीपत्ता भारतातून आणायला बंदी आहे, कारण लिंबूवर्गीय झाडांचा रोग त्याच्याबरोबर येण्याची भीती असते. पण त्याच्याही कुंड्या आता घरोघरी आहेत आणि हिवाळ्यात त्या लेकरांसारख्या घरात घेतल्या जातात.

मिळत नाहीत ते हात. अमरावतीच्या वाड्यात या दिवशी दोन जावा, तीन नणंदा, शेजारच्या काकू आणि वर्षानुवर्षे पुरणपोळ्या लाटायला येणाऱ्या एक बाई असत. कोणी डाळ उपसे, कोणी फुलोऱ्याच्या करंज्या तळे, आणि सासूबाई मधोमध पाटावर बसून फक्त चव सांगत. येथे चार पौंड, म्हणजे सुमारे १.८ किलो, हरभऱ्याची डाळ एका बाईला शिजवून, वाटून, साठ पोळ्यांपर्यंत न्यायची आहे. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर येथील १२० व्होल्टच्या विजेवर जेमतेम कुरकुरतो, म्हणून खास या देशासाठी बनवलेला मिक्सर घ्यावा लागला. पुरण मात्र सासूबाईंच्या पितळी पुरणयंत्रातूनच निघते. यंत्राचा दांडा फिरवण्याचे काम यजमानांकडे आहे. ते गेली सहा वर्षे हे काम करीत आहेत आणि तिसऱ्या घाण्यानंतर त्यांचा खांदा दुखतो, ही माहिती त्यांनी आमच्या कॅमेऱ्यासमोर दोनदा दिली.

रात्री साडेनऊ वाजता अमरावतीला फोन लागतो. तेथे रविवारची सकाळ उजाडून सात वाजले आहेत. सूनबाई सोवळ्याबद्दल विचारतात, कारण पोळ्यांना मदत करायला येणाऱ्या दोघी मैत्रिणी थेट कामावरून येणार आहेत आणि त्यांना येथे येऊन पुन्हा स्नान करायला सांगणे त्यांना जड वाटते.

“अहो आई, त्यांना काय सांगू?”

“काही सांगू नकोस. हात-पाय धुऊन येऊ दे. देवीला तुझी पळापळ दिसते, बाई. कांदा-लसूण तेवढा सांभाळ.”

त्यानंतर सूनबाई दुधीची गोष्ट सांगतात, आणि मग थोडे थांबून शेजारणीची.

या घराच्या कुंपणापलीकडे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. त्यांचे आजोबा सिसिलीहून येथे आले. त्यांच्या परसात मांडवावर चढवलेला एक वेल आहे आणि त्याला हातभर लांब, फिकट हिरवी, वाकडी फळे लोंबत आहेत. सिसिलीच्या बोलीत त्यांना कुकुत्सा म्हणतात; न्यू जर्सीतील इटालियन घरांत त्याचे गुगुट्स झाले आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा दुधीच आहे, फक्त आकाराने लांबट. आज दुपारी कुंपणावरून बोलता बोलता दुधीचा विषय निघाला आणि बाईंनी कात्री आणून तीन फळे कापून दिली. त्या विधवा आहेत. महालक्ष्म्यांच्या पहिल्या पंगतीला सवाष्णी बसतात, असा रिवाज आहे. भाजी घ्यायची आणि बाईंना दुसऱ्या पंगतीला बसवायचे, हे सूनबाईंच्या मनाला पटत नाही. आणि सासूबाईंना न विचारता रीत मोडणेही त्यांना जमत नाही.

फोनच्या पलीकडे बराच वेळ केवळ पंख्याचा आवाज येतो. स्वतः सासूबाईंनाही वैधव्य येऊन अकरा वर्षे झाली आहेत, आणि या अकरा वर्षांत आपल्याच घरच्या पहिल्या पंगतीला त्या बसलेल्या नाहीत.

“जिनं भाजी दिली तिला आधी वाढायचं नाही, असं कुठं लिहिलंय?” त्या म्हणतात. “बसव तिला.”

परदेशात गेल्यावर रिवाज सैल होतात, असे म्हटले जाते. पण ते सगळीकडे सारखे सैल होत नाहीत. या घरात भाज्यांची संख्या ढळली नाही, कांदा आत आला नाही, पुरणयंत्राच्या जागी मिक्सर आला नाही. सैल झाले ते माणसांविषयीचे नियम: कोणी रांधायचे, कोणी वाढायचे, कोणी आधी बसायचे. ज्या वाड्यात बायकांची वाण नव्हती तेथे माणसे निवडून घेणे परवडत होते, येथे ते परवडत नाही, हे त्यामागचे साधे कारण असावे. कारण साधे असले तरी निर्णय सोपा नव्हता, हे त्या शांततेत आम्ही ऐकले.

रविवारी संध्याकाळी आवाहन होते. गॅरेजच्या दारापासून तळघरातील मखरापर्यंत हळदी-कुंकवाची पावले उमटतात. त्यासाठी गालिच्यावर आधी पांढरी चादर अंथरली आहे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांचे मुखवटे हातात घेऊन मायलेकी पावलापावलाने आत येतात, वाटेत धान्याचे माप ओलांडतात, आणि “महालक्ष्मी आल्या, कशाच्या पावलांनी आल्या?” या प्रश्नाला घरातील दहा वर्षांचा मुलगा सर्वांत मोठ्याने उत्तर देतो, “सोन्याच्या पावलांनी!” मुखवटे पत्र्याच्या कोठ्यांवर बसतात, साड्या नेसवल्या जातात, आणि देवींच्या डोक्यावर करंज्या, पापड्या, वेणी-फणी असा तळणीचा फुलोरा टांगला जातो. हा फुलोरा घराबाहेर, मोटारीच्या वाटेवर शेगडी मांडून तळलेला आहे. घरात कढई चढवली की धुराची सूचना देणारे यंत्र ओरडू लागते. एका वर्षी ते ऐन आरतीत ओरडले होते.

सोमवारी दुपारी दीड वाजता पहिली पंगत बसते. पंचवीस माणसे जमिनीवर आणि ज्यांचे गुडघे नकार देतात ती भिंतीलगतच्या टेबलांवर. केळीची पाने गोठवलेल्या पाकिटांतली आहेत. बाहेर काढल्यावर ती काळवंडतात आणि शिरेपाशी फाटतात. शिवाय ती चौकोनी कापलेली असल्याने त्यांना अग्र नसते, आणि मग ते अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. देवींच्या नैवेद्यासाठी मात्र दोन अखंड, अग्र असलेली पाने एका परिचितांच्या कुंडीतील केळीवरून आली आहेत.

वाढण्याचे काम मुलांकडे आहे. घरातील चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्या वयाची इतर चार मुले गेल्या आठवड्यात कागदी ताटल्यांवर सराव करून तयार झाली आहेत: आधी मीठ, मग लिंबू, डावीकडे चटण्या आणि कोशिंबिरी, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि शेवटी तूप. सोळा भाज्या एका पानावर वाढायच्या म्हणजे प्रत्येकीचा केवळ चमचाभर ठिपका. पाचव्या पानापाशी गवार आणि तोंडली यांची अदलाबदल होते, कोणाची आंबील कढीच्या वाटीत जाते, आणि एक मुलगा वाकून वाकून थकल्यावर सरळ मांडी घालून पानापानापुढे सरकू लागतो. “वदनी कवळ घेता” सुरू होते तेव्हा दहा-बारा जणांना दोन ओळींपलीकडे शब्द येत नाहीत. ते ओठ हलवतात.

शेजारच्या बाई सवाष्णींच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या पानावर बसल्या आहेत. त्यांच्यासाठी पाट दोन उशांनी उंच केला आहे. पुरणपोळीवर तुपाची धार पडताना त्या हात आडवा धरीत नाहीत, ही गोष्ट वाढणाऱ्या मुलीला फार आवडते. आपल्या फळाची भाजी त्यांना ओळखता येत नाही. त्यांच्या घरी ती टोमॅटो आणि तुळशीच्या एका जातभावाबरोबर शिजते, येथे ती ओल्या खोबऱ्यात आणि जिऱ्यात आहे. ओळख पटल्यावर त्या दुसऱ्यांदा मागून घेतात.

अमरावतीत त्या वेळी रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. खांबाला टेकवून ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर सासूबाई जाग्या आहेत. त्या पंगत पाहत आहेत, आणि मधेच सांगतात, “चौथ्या पानावर पोळी संपलीय.”

मंगळवारी सकाळी खीर-कानवल्याचा नैवेद्य होतो, अक्षता पडतात आणि मुखवटे किंचित हलवले जातात. सूनबाईंना नऊच्या बैठकीला पोहोचायचे आहे. मुखवटे जुन्या सुती साडीत गुंडाळून डब्यात जातात, कोठ्या गॅरेजच्या फळीवर जातात. फ्रिजवरचा कागद फाटत आला असल्याने मुलगी सासूबाईंची यादी नव्या कागदावर उतरवून काढते. तिची देवनागरी मोठी आणि थोडी तिरकी आहे. सोळाव्या आकड्यापुढे तिने दुधी लिहिलेले नाही. गुगुट्स लिहिले आहे. आईने ते पाहिले, मोटारीच्या किल्ल्या उचलल्या आणि खोडून काढायला सांगितले नाही.