बत्तीस सेकंदांनी तुटणारा फोन

मित्रहो,

"फोन मधेच तुटतो," ही तक्रार घेऊन एका निवासी संस्थेच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी मला बोलावले, तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. आठवडाभरात तुटलेला प्रत्येक फोन त्यांनी त्यावर टिपून ठेवला होता: कोणी केला, कोणी उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याप्रमाणे तो किती वेळाने बंद पडला. बहुतेक सगळ्या नोंदी तीस ते पस्तीस सेकंदांच्या होत्या आणि त्या सगळ्यांत फोन करणारी व्यक्ती दुसऱ्या गावातल्या शाखेत होती. मुख्य इमारतीतून शाखेकडे लावलेले फोन तुटत नव्हते. मी यंत्राला हात लावण्याआधी निम्मे निदान त्या कागदावर झालेले होते. आज मला सांगायचे आहे ते याच कागदाविषयी. छोट्या यंत्रावर चालणाऱ्या दूरध्वनी केंद्रातला बिघाड शोधताना आपण फार लवकर संरचनेच्या फायली उघडतो आणि फार उशिरा विचारतो की, हे किती वेळाने होते आणि कोणत्या दिशेने होते.

त्या संस्थेतले केंद्र म्हणजे तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक, त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि लिनक्सवर ॲस्टरिस्क हा दूरध्वनी केंद्र चालवणारा कार्यक्रम. ॲस्टरिस्क मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतले. लिनक्ससाठी तांत्रिक साहाय्य देणाऱ्या आपल्या लहानशा कंपनीला कार्यालयीन एक्स्चेंज हवे होते आणि बाजारातले परवडत नव्हते, म्हणून त्यांनी ते स्वतःच लिहिले आणि खुल्या परवान्याखाली सर्वांना दिले. त्यांची कंपनी पुढे डिजियम या नावाने ओळखली गेली आणि २०१८ मध्ये ती सँगोमाने घेतली. हा कार्यक्रम छोट्या यंत्रांवर उतरवण्याचे श्रेय मात्र अनेकांचे आहे. लिंक्सिसच्या घरगुती राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स प्रणाली चढवून त्यात ॲस्टरिस्क बसवणारे हौशी लोक होते. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी ब्लॅकफिन प्रक्रियकाभोवती आयपी०४ नावाचे एक्स्चेंज रचले आणि त्याचे विद्युत आराखडेसुद्धा खुले केले. दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या व्हिलेज टेल्को प्रकल्पाचे मेश पोटॅटो हे यंत्र खांबावर बसवायचे असते आणि त्याला साधा टेलिफोन जोडता येतो. शेजारची यंत्रे बिनतारी जाळ्याने आपसात बोलतात. पूर्व तिमोरमधल्या दिली शहरातही ते लावले गेले. जिथे तार पोहोचली नाही तिथे माणसांना एकमेकांशी बोलता यावे, या इच्छेतून हे काम झालेले आहे आणि म्हणूनच ते बंद पडले की मला मनापासून वाईट वाटते.

आता त्या कागदाकडे वळू. इंटरनेटवरच्या दूरध्वनीत दोन वेगळे प्रवाह असतात. फोन लावणे, वाजवणे, उचलणे आणि ठेवणे यांचे निरोप एसआयपी या पद्धतीने जातात. प्रत्यक्ष आवाज आरटीपी या दुसऱ्या पद्धतीची पॅकेटे नेतात आणि त्यांचा रस्ता निराळा असू शकतो. फोन लागतो पण आवाज येत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा आवाजाच्या रस्त्यात असतो. आवाज उत्तम येतो आणि तरी फोन ठरावीक वेळाने तुटतो, तेव्हा दोष निरोपांच्या रस्त्यात शोधावा. शाखेतले लोक सांगत होते की तुटेपर्यंत बोलणे अगदी स्पष्ट ऐकू येते. म्हणजे माझ्या शोधातला अर्धा भाग तिथेच गळून पडला.

एसआयपीमध्ये फोन जोडला जाताना तीन मुख्य निरोप होतात. फोन करणारा आमंत्रण पाठवतो, उचलणारा 'दोनशे ओके' असा होकार पाठवतो आणि त्या होकाराची पोच फोन करणाऱ्याने परत द्यायची असते. ही पोच मिळाली नाही तर उचलणारी बाजू होकार पुन्हा पाठवते: अर्ध्या सेकंदाने, मग एका सेकंदाने, दोन सेकंदांनी, चार सेकंदांनी आणि पुढे दर चार सेकंदांनी. अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे बत्तीस सेकंद, वाट पाहिल्यावरही पोच आली नाही तर ती बाजू फोन बंद करते. बोलणाऱ्यांना यातले काहीच कळत नाही, कारण आवाज दुसऱ्या रस्त्याने सुरळीत चाललेला असतो. बत्तीस हा आकडा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसआयपीच्या मानकातल्या वेळमर्यादेतून येतो. म्हणून कोणी मला "अर्ध्या मिनिटाने फोन जातो" असे सांगितले की मी आधी विचारतो, पोच कुठे हरवली?

इथे ती कशी हरवली हे सांगायला हवे, कारण चूक माझ्याच हातची होती. मुख्य इमारतीतला रास्पबेरी पाय राउटरच्या मागे, इंटरनेटवरून थेट न पोहोचता येणाऱ्या खासगी पत्त्यावर बसलेला होता आणि शाखेतले फोन इंटरनेटवरून त्याच्याकडे येत होते. अशा वेळी ॲस्टरिस्कला त्याचा बाहेरचा पत्ता सांगावा लागतो आणि पीजेसिप या त्याच्या एसआयपी हाताळणाऱ्या नव्या भागात तो दोन ठिकाणी सांगावा लागतो: एकदा आवाजासाठी आणि एकदा निरोपांसाठी. मी आवाजाचा पत्ता भरला होता आणि निरोपांचा राहून गेला होता. त्यामुळे होकारात 'यापुढचे निरोप इथे पाठवा' म्हणून जो पत्ता जात होता तो घरातला, १९२.१६८ ने सुरू होणारा होता. शाखेतला फोन आज्ञाधारकपणे पोच त्याच पत्त्यावर पाठवत होता, आणि तो पत्ता त्याच्या दृष्टीने शाखेच्या स्वतःच्या जाळ्यातला असल्याने पोच तिथेच विरून जात होती.

दिशेचा खुलासाही यातूनच होतो. मुख्य इमारतीतून शाखेकडे फोन केला की आमंत्रण आणि पोच दोन्ही ॲस्टरिस्क पाठवतो, आणि त्याला शाखेच्या राउटरचा खरा पत्ता ठाऊक असल्याने ती पोहोचतात. म्हणून ते फोन तुटत नव्हते. परंतु शाखेतल्या माणसाने आधी फोन ठेवला की 'संपले' हा निरोप पुन्हा त्याच चुकीच्या पत्त्यावर जाई आणि मुख्य इमारतीतला फोन रिकाम्या ओळीवर उघडाच राही. बाईंना मी हे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हो दादा, कधी कधी ते ठेवून गेले तरी आपल्याकडे चालूच दिसतं." कागदावर ती नोंद नव्हती, कारण त्यांच्या मते तो बिघाडच नव्हता.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ॲस्टरिस्कच्या आज्ञापटलावर पीजेसिपचा लॉगर चालू करावा किंवा एसएनग्रेप नावाचे छोटे साधन वापरावे. ते निरोपांचे बाण वरून खाली क्रमाने मांडून दाखवते. एकच होकार पुन्हा पुन्हा खाली जाताना दिसला आणि वर काहीच आले नाही, तर निदान पक्के झाले. राउटरमध्ये एसआयपीला मदत करण्यासाठी असलेली सोयही तपासावी. ती पॅकेटातले पत्ते परस्पर बदलते आणि ॲस्टरिस्कनेही तेच काम हाती घेतले असेल तर दोघांच्या दुरुस्तीचा गोंधळ होतो. माझा अनुभव असा की ती सोय बंद ठेवलेलीच बरी.

वेळेचे आणखी दोन टप्पे थोडक्यात सांगतो. फोन पंधरा मिनिटांच्या आसपास किंवा अर्ध्या तासाने तुटत असेल तर सत्र जिवंत आहे का हे विचारणारा निरोप अडतो आहे असे समजावे. त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद असते आणि विचारणा निम्म्या मुदतीत होते. फोन लावता येतो, पण थोडा वेळ शांत राहिला की येणारे कॉल वाजत नाहीत, असे असेल तर राउटरने मधली वाट विसरून टाकली आहे. लिनक्सवर चालणारा राउटर उत्तर न आलेल्या यूडीपी (कायम जोडणी न राखता पॅकेटे पाठवण्याची पद्धत) संवादाची नोंद सहसा तीस सेकंदांतच पुसतो आणि दुतर्फा संवादाची नोंदही दोन-तीन मिनिटांपलीकडे ठेवत नाही, तर फोनची नोंदणी तासाभराची असते. ॲस्टरिस्कने दर पंचवीस-तीस सेकंदांनी फोनला हाक मारत राहावे, एवढी सेटिंग पुरते.

आता आवाजाकडे येतो, कारण यंत्राचे लहानपण खरे जाणवते ते इथे. जी७११ या साध्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात आणि दर वीस मिलिसेकंदांनी १६० बाइटांचे एक पॅकेट निघते. म्हणजे एका दिशेला सेकंदाला पन्नास पॅकेटे. दोन फोनांच्या मधे ॲस्टरिस्क बसलेला असेल तर तो येणारी शंभर आणि जाणारी शंभर हाताळतो. एवढे काम छोट्या प्रक्रियकालाही जड नाही. जड होते ते भाषांतर. एक फोन एका पद्धतीने बोलतो, दुसरा दुसऱ्या पद्धतीने, आणि मधल्या यंत्राला प्रत्येक पॅकेट उलगडून पुन्हा बांधावे लागते. जुन्या राउटरांमध्ये अपूर्णांकांचे गणित करणारे वेगळे एकक नसते, तिथे हे काम शंभर टक्के प्रक्रियक खाऊन टाकते आणि आवाज करवतीने कापल्यासारखा येतो. 'कोअर शो ट्रान्सलेशन' ही आज्ञा दिली की कोणते रूपांतर तुलनेने किती महाग पडते याचा तक्ताच समोर येतो. छोट्या यंत्रावर तो पाहिल्याशिवाय पद्धती निवडू नयेत. आपल्याकडच्या दूरध्वनी जाळ्याची पद्धत ए-लॉ, म्हणजे जी७११चाच एक प्रकार, आहे, म्हणून सगळ्या फोनांवर ए-लॉच ठेवावी. "कृपया प्रतीक्षा करा" यांसारख्या ध्वनिमुद्रित सूचनाही त्याच पद्धतीत साठवाव्यात. त्या पुष्कळदा जीएसएम पद्धतीत आलेल्या असतात आणि प्रत्येक वेळी वाजताना विनाकारण रूपांतर होते.

भाषांतर नसताही आवाज तुटत असेल तर ॲस्टरिस्क सोडून वीजपुरवठ्याकडे पाहावे. रास्पबेरी पायला मिळणारा दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो इशारा देतो आणि आपला वेग कमी करतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर आणि बारीक तारेवर चाललेल्या यंत्रात हे मी वारंवार पाहिले आहे. फोन कमी असताना सगळे ठीक असते आणि सकाळी दहाला, सगळे एकाच वेळी बोलू लागले की आवाज फाटतो. लोक ॲस्टरिस्कची आवृत्ती बदलतात आणि दोष अडॉप्टरचा असतो.

वीज गेल्यानंतरच्या तक्रारी निराळ्या असतात. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत वीज नसताना वेळ राखणारे घड्याळच नव्हते, म्हणून वीज परतल्यावर ते यंत्र शेवटी जतन केलेल्या वेळेवर जागे होते. राउटरला उठायला त्याच्याहून जास्त वेळ लागला तर तेवढा काळ ना खरी वेळ मिळते, ना नावावरून पत्ता. प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि नोंदवहीत कालचे कॉल उमटतात. ॲस्टरिस्क सुरू करण्याआधी जाळे आणि वेळ दोन्ही जागेवर आल्याची खात्री करणारी एक छोटी पायरी घातली की हे थांबते. आठवड्या-महिन्यांनी यंत्र गोठत असेल, तर मेमरी कार्डाची भरलेली जागा आणि त्यावर सतत होणारे लेखन पाहावे. ५०६० हे एसआयपीचे द्वार इंटरनेटवर उघडे ठेवले की अनोळखी यंत्रे संकेतशब्द चाचपत राहतात, आणि त्यांच्या प्रत्येक प्रयत्नाची ओळ लॉगमध्ये जाऊन कार्ड झिजवते. त्या संस्थेत मी शेवटी दोन इमारतींमध्ये वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध खासगी मार्ग, टाकला, द्वार बंद केले आणि लॉग तात्पुरत्या स्मृतीत ठेवला.

शेवटचा बिघाड मी मुद्दाम राखून ठेवला होता, कारण तो आपल्या देशातलाच आहे. त्याच संस्थेची एक लँडलाइन छोट्या ॲडॉप्टरद्वारे केंद्राला जोडलेली होती. काही दिवस असे येत की दुपारनंतर बाहेरून केलेला फोन लागत नसे. करणाऱ्याला सतत व्यग्र असल्याचा सूर ऐकू येई आणि इकडे तर कोणीच बोलत नसे. साध्या तारेवर पलीकडच्याने फोन ठेवल्याचा निरोप येत नाही, येतो तो फक्त एक सूर, आणि ॲडॉप्टरने तो ओळखून ओळ सोडायची असते. कारखान्यातून आलेला तो ॲडॉप्टर अमेरिकी सुराची वाट पाहत होता: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा सेकंद बंद. आपला व्यग्र सूर ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असतो. त्याला तो सूरच वाटत नव्हता, म्हणून त्याने ओळ धरून ठेवली होती. ॲस्टरिस्कच्या सुरांच्या फाइलीत भारताचा वेगळा विभाग आहे आणि लँडलाइन थेट केंद्रातल्या टेलिफोन कार्डाला जोडली असेल तर फोन करणाऱ्याचा क्रमांक ओळखण्यासाठी ध्रुवता बदलण्याची भारतीय रीत सांगणारा पर्यायही आहे. कोणीतरी आपल्या एक्स्चेंजांचा सूर ऐकून तो तिथे लिहिला, याबद्दल मला त्या अनाम माणसाचे फार ऋण वाटते. ॲडॉप्टरमध्ये ४०० हर्ट्झ आणि ७५०-७५० मिलिसेकंद हे आकडे भरले. मग बाहेर जाऊन माझ्या मोबाइलवरून संस्थेला फोन केला, बाईंनी तो उचलल्यावर मी माझ्याकडून तोडला आणि आत येऊन पाहिले. दोन-तीन सुरांतच ॲडॉप्टरचा दिवा विझला होता. बाईंनी कागदावर तारीख घालून त्यापुढे "सुटला" असे लिहिले.